"पोरले धाडसू, पन सही कराव नही" : शाळा उघडायच्या की नाही?

तापीकाठ
११ जुलै २०२१, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. सल्ला हवाय, आणि थोडं मन मोकळंही करायचंय.

शासनाचा नवा आदेश वाचला असेलच. ज्या गावात महिनाभर करोनाचा एकही रुग्ण नाही, तिथे १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग भरवता येतील. ठरवायचं गावाने. समितीत सरपंच अध्यक्ष, सोबत तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मुख्याध्यापक वगैरे. एका बाकावर एकच मूल, दोन बाकांत सहा फूट अंतर, वर्गात पंधरा-वीसच्या वर मुलं नाहीत. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. त्यावर आमच्या संस्थेने सांगितलं की नोव्हेंबरात घेतली होती तशी पालकांची लेखी संमतीपत्रंही घ्या.

आमचं गाव चोपड्याकडचं, वर सातपुडा, खाली तापी. अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी, पटावर ११८. गावातला शेवटचा रुग्ण १९ जूनचा, म्हणजे १९ जुलैला आम्ही नियमात बसतो.

संमतीपत्रं वाटली ११८. चार दिवसांत परत आली २९. मग मीच घरोघर निघालो. गंमत अशी की शाळा उघडू नका असं म्हणणारं एकही घर मला भेटलं नाही. पानटपरीपासून दूध डेअरीपर्यंत जो तो विचारतो, "मास्तर, शाया कव्हय चालू व्हई?" पण पिशवीतून कागद काढला की पेन कोणाच्या खिशात नसतो.

एका बापाने स्पष्ट सांगितलं. दहावीला माझ्याच हाताखाली होता तो. म्हणाला, "पोरले धाडसू, पन सही कराव नही." म्हणजे पोराला पाठवीन, पण सही करणार नाही. का रे बाबा? तर म्हणाला, सोसायटीच्या कर्जाला सही केली, केळीच्या विम्याला सही केली, दर वेळी निस्तरलं मीच. ह्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी वाचलं : 'पाल्यास काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' तो म्हणाला, "मग जबाबदार कोन?"

मला उत्तर सुचलं नाही. चहा पिऊन उठलो.

पोरं सध्या काय करतात तेही सांगतो. निंदणीचे दिवस आहेत. आठवी-नववीच्या मुली सकाळी सातला बायांच्या टोळीबरोबर कपाशीत जातात. पोरं बकऱ्यांमागे, नाहीतर मारुतीच्या पारावर एका फोनभोवती सहा डोकी. माझ्या नववीत ४१ मुलं, त्यातल्या १३ घरांत चालेल असा फोन. तो फोन बापाबरोबर शेतात जातो आणि रात्री आठला घरी येतो. तोवर रिचार्ज संपलेला असतो, किंवा बाप. आमची ऑनलाइन शाळा म्हणजे मी ग्रुपवर पाठवलेला व्हिडिओ आणि त्यावर चार जणांनी टाकलेला अंगठा. परवा पारावर सहज विचारलं, तेरा साते किती? सहावीत वीसपर्यंतचे पाढे धडाधड म्हणणारं पोरगं हसलं आणि म्हणालं, "सर, ते गेलं."

तर सांगा. वर्ग सुरू करण्यासाठी मागे लागू का? की गप्प बसू?


कळण्याची_भाकरी
११ जुलै २०२१, रात्री १०:१५

दादा, तळमळ कळते. पण तिसरी लाट मुलांवर येणार असं सगळे म्हणताहेत. मे महिन्यात नगर जिल्ह्यात हजारो मुलं पॉझिटिव्ह आली होती. अठराच्या खालच्यांना अजून लस नाही. सहा महिने थांबलं तर काय बिघडतं? माझी मुलगी इथे पुण्यात ऑनलाइन छान शिकतेय, कोडिंगसुद्धा.


आबा_अमळनेर
१२ जुलै २०२१, सकाळी ६:५०

कोडिंग! बरं.

माझे वडील प्लेगच्या गोष्टी सांगायचे. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरांना कुलपं घालून मळ्यात झोपड्या बांधून राहायचं. मास्तरही मळ्यातच. निंबाखाली पाटी-पेन्सिल घेऊन शाळा भरायची. तेव्हाची माणसं अडाणी होती म्हणतात, पण हवा कुठे खेळते ते त्यांना कळत होतं. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या गावचा मी, म्हणून दोन शब्द जास्त बोलतो, माफ करा. मुलांना बसवायला खोलीच लागते असं कोणी सांगितलं?


तापीकाठ
१२ जुलै २०२१, सकाळी ८:०५

आबा, निंब आहे, पारही आहे. पण जुलै महिना आहे. काल अर्धा तास असा बरसला की पार सोडून सगळे देवळात.

कळण्याची भाकरी, सहा महिने थांबा असं मार्च २०२० पासून ऐकतोय. तेव्हा आधी ३१ मार्चपर्यंतच म्हणाले होते. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच.


मेहरूणची_बोरं
१२ जुलै २०२१, दुपारी ३:२०

मी सहसा लिहीत नाही, वाचते.

एप्रिलमध्ये माझे मिस्टर गेले. ४४ वर्षांचे. घरात आधी ताप आला मुलाला. एक दिवस, तोही थोडासा. आम्ही म्हटलं पावसात भिजला असेल, अवकाळी झाला होता. चौथ्या दिवशी ह्यांना, मग सासूबाईंना. बेडसाठी जळगावात किती ठिकाणी फिरलो ते आता आठवत नाही, रिक्षावाल्याचा चेहरा तेवढा आठवतो. सासूबाई वाचल्या.

मुलगा आता नववीत आहे. तो एक शब्द बोलत नाही, पण मला माहीत आहे त्याच्या डोक्यात काय आहे. तो समजतो, त्याच्यामुळे झालं. रात्री उठून आजीचा श्वास चालू आहे का ते बघतो. उद्या शाळेतून काही घेऊन आला आणि सासूबाईंना झालं, तर ते पोरगं जगेल का?

सर, तुमच्या त्या पालकाने विचारलं ना, जबाबदार कोण. मी सांगते. कागदावर कोणीही असो, शेवटी ते पोरच स्वतःला जबाबदार धरतं. मी सही करणार नाही आणि पाठवणारही नाही. पाढे काय, येतील परत.


तापीकाठ
१२ जुलै २०२१, सायंकाळी ७:४५

ताई, काय लिहू. तुमचं वाचून दिवसभर फोनला हात लावला नाही. तुम्ही पाठवू नका. कोणी आग्रह केला तर त्याला हा धागा दाखवा.


जिभाऊ_पारोळेकर
१३ जुलै २०२१, सकाळी ११:००

ताईंबद्दल आदर आहे, त्यांच्यासाठी हे नाही. पण बाकीचं स्पष्ट बोलायला पाहिजे. शाळा बंद राहिल्या तर नुकसान कोणाचं नाही? मास्तरांचं. सोळा महिने घरी बसून पूर्ण पगार. आम्ही कापूस घरात ठेवून बसलो असतो तर कोणी पैसे दिले असते का? बाजार समित्या चालू, दारूची दुकानं चालू, लग्नं चालू, मग शाळाच का बंद? मास्तरांनाच नको आहे म्हणून.


तापीकाठ
१३ जुलै २०२१, दुपारी १:३०

जिभाऊ, हे ऐकायची सवय झालीये, तरी उत्तर देतो. पहिल्या लॉकडाऊनमध्ये माझी ड्युटी मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या चेकपोस्टवर होती. ४४ डिग्रीत ताडपत्रीखाली. नंतर रेशन दुकानावर. मग 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे, ऑक्सिमीटर घेऊन घरोघर. तालुक्यातले माझ्या ओळखीचे तीन शिक्षक गेले. त्यांचा पगारही बंद झाला, तुमच्या माहितीसाठी.

पण तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मी नाकारणार नाही. आदेशात म्हटलंय की शिक्षकांनी शक्यतो त्याच गावात राहावं, सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये. आम्ही सात जण आहोत, त्यातले पाच तालुक्याहून अपडाऊन करतात. गाव करोनामुक्त, आणि गावात रोज बाहेरून येणारे कोण, तर आम्हीच. परवाच्या बैठकीत सरपंचांनी हेच विचारलं तेव्हा स्टाफरूममध्ये शांतता. 'शाळा उघडा' म्हणून व्हॉट्सअॅपवर कळकळीने लिहिणारे आमचे एक सहकारी गावात खोली घेण्याचा विषय निघाल्यावर पंख्याकडे बघत होते.


जिभाऊ_पारोळेकर
१३ जुलै २०२१, दुपारी २:१०

हे प्रामाणिकपणे लिहिलं, मानलं. तीन शिक्षक गेले ते माहीत नव्हतं. तरी लग्नांचं उत्तर मिळालं नाही.


व्हॅनवाला_दादा
१४ जुलै २०२१, रात्री ११:२५

आमचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. शहरात शाळेची ओम्नी चालवायचो, दोन ट्रिपा, २२ पोरं. मार्च २०२० पासून गाडी दारात. आता तीत कांदे-बटाटे ठेवून कॉलनीत फिरतो. जी पोरं गाडीत बसायची तीच आता गॅलरीतून ओरडतात, काका मेथी आहे का. हप्ते थकले. उघडा किंवा नका उघडू, पण एकदाचं सांगा. गाडी विकू का ठेवू एवढंच समजायला पाहिजे.


दहावी_२०२१
१६ जुलै २०२१, रात्री ९:००

आज निकाल लागला. राज्याचा ९९.९५ टक्के. दुपारी एकपासून साइट हँग, रात्री दिसला. मला ९१ टक्के. नववीच्या मार्कांवरून पन्नास आणि बाकीचे शाळेने दिले. आई पेढे आणते म्हणाली, मी नको म्हटलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, यंदा सगळेच पास, तुम्हाला काय. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, पण ते खरंच होतं. अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी परीक्षा घेणार आहेत. दीड वर्ष पेपर लिहिला नाही, दोन तास हात चालेल का माहीत नाही. मोठ्या माणसांनी आमच्यातल्या कोणालातरी विचारायला पाहिजे होतं.


उंबराचा_पाडा
१८ जुलै २०२१, रात्री ८:३०

रेंज मिळाली म्हणून उशिरा लिहितोय. अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावकडे, आश्रमशाळेवर आहे. तुमच्या चर्चेत आमचा डोंगर कुठे बसतो ते बघत होतो, बसत नाही.

सहा फूट अंतर म्हणे. आमची मुलं शाळेतच राहतात. झोपायची खोली आणि वर्गखोली पुष्कळदा एकच. रात्री सतरंजीला सतरंजी लागलेली. शाळा उघडायची म्हणजे वसतिगृह उघडायचं, स्वयंपाक, आंघोळ, सगळं आलं. एकाला ताप आला तर घरी सोडायला दीड दिवस. तेव्हा घाबरणारे उगाच घाबरत नाहीत, हे आधी मान्य.

आता दुसरी बाजू. आश्रमशाळा बंद म्हणजे मुलाचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण बंद. कोरडा शिधा वाटला, पण घरी आला की तो सात जणांत शिजतो, एकट्या पोराच्या ताटात पडत नाही. पडायलाही नको, ती घरची रीत आहे.

ऑनलाइनचं तर नावच नका काढू. आमच्याकडे रेंज म्हणजे डोंगराच्या सोंडेवरचा एक दगड, त्यावर चढून फोन वर धरायचा. टीव्हीवर 'टिलीमिली' लागायची, चांगली होती. पण पहिलीतलं आमचं मूल घरी पावरी बोलतं, नाहीतर भिली. मराठी ते शाळेत येऊन शिकतं, बाईंच्या तोंडाकडे बघून, हाताला धरून. टीव्ही असता तरी त्यातल्या ताईने हात कसा धरला असता? आम्ही पाड्यापाड्यावर चालत जाऊन पाच-सहा मुलं गोळा करून शिकवतो. एका आठवड्यात एका पाड्याचा नंबर एकदा.

आणि दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातील, बारडोलीकडे. दरवर्षी आई-बाप पोराला आश्रमशाळेत ठेवून निश्चिंत जातात. शाळा बंद असेल तर पोर कोणाजवळ ठेवायचं? घेऊन जातील. एकदा कोयता हातात आला की परत आणणं माझ्याने होत नाही. गेल्या वर्षी गेलेल्यांतले नऊ अजून आले नाहीत. पाच मुली होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघींची लग्नं झाल्याचं कळलं.

आमचा जिल्हा नंदुरबार. तेव्हाचे कलेक्टर, डॉ. राजेंद्र भारुड, स्वतः भिल्ल समाजातले, सामोड्याचे. पहिली लाट ओसरल्यावर बाकीचे हुश्श करत होते तेव्हा त्यांनी ऑक्सिजनचे प्लांट बसवून घेतले आणि एप्रिलमध्ये जिल्हा तरला. आधी विचार केला तर होतं. शाळेच्या बाबतीत दीड वर्षात कोणी एक जादा खोली बांधली का? एक जादा शिक्षक दिला का? खिडक्या मोठ्या केल्या का? बंद ठेवायला काही करावं लागत नाही, म्हणून बंद आहेत.


आबा_अमळनेर
१९ जुलै २०२१, सकाळी ६:३०

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.


धुळ्याचा_बालडॉक्टर
२१ जुलै २०२१, दुपारी ४:००

लोक टॅग करत होते म्हणून आलो. ओपीडीच्या मध्ये लिहितोय, सांभाळून घ्या.

काल आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, चौथ्या सिरो सर्व्हेचे (रक्ततपासणीच्या पाहणीचे) आकडे दिले. देशात ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडीज सापडल्या. सहा ते सतरा वयात निम्म्याहून जास्त मुलांत. याचा सरळ अर्थ, दीड वर्ष शाळा बंद ठेवूनसुद्धा निम्म्या मुलांना लागण होऊन गेली, आणि बहुतेकांच्या आई-बापांना पत्ताही लागला नाही. आयसीएमआरचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी कालच म्हटलं की उघडायच्याच असतील तर आधी प्राथमिक उघडा, मग माध्यमिक, कारण लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा बरा पेलतात. फक्त शिक्षकांपासून बसचालकापर्यंत सगळ्यांचं लसीकरण झालेलं हवं. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच लहान मुलांचे वर्ग आधी सुरू केले होते. आपण उलट्या क्रमाने चाललोय, मोठ्यांचे वर्ग आधी, कारण आपल्याला बोर्डाची परीक्षा दिसते, पहिलीतलं पोर दिसत नाही.

मुलांना काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. आजारातून उठल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांत अंगभर सूज, ताप, हृदयावर ताण असा प्रकार होतो. त्याला एमआयएस-सी म्हणतात. दुसऱ्या लाटेनंतर मी स्वतः पाहिलाय, झोप उडते. पण तो विरळा आहे आणि वेळेवर आणलं तर उपचार आहेत. ओपीडीत रोज काय दिसतं ते सांगू? दहा किलो वाढलेली शहरातली मुलं, दोन किलो घटलेली खेड्यातली. चार वर्षांचं पोर ज्याने घराबाहेरचं दुसरं मूलच पाहिलं नाही. पोटात दुखतं म्हणून आणलेली सातवीतली मुलगी, जिच्या पोटात काहीच नाही.

जिभाऊंच्या लग्नाच्या प्रश्नाला माझंही उत्तर नाही. पन्नासची परवानगी असते आणि पंगती उठतात तीनशेच्या. त्याच पंगतीत बसलेलं पोर शाळेत मात्र धोकादायक ठरतं.

मेहरूणच्या ताई, मुलाचं मनाला लावून घेऊ नका म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. एकच सांगतो. तुमच्या घरात आधी ताप त्याला आला म्हणून आजार त्यानेच आणला असं ठरत नाही. मोठ्यांना लागण होऊन लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस लागतात, कधी जास्त. कोणी कोणाला दिला हे तुमच्या घरात कोणीही सांगू शकत नाही, मीही नाही. हे त्याला एखाद्या डॉक्टरच्या तोंडून ऐकायला मिळालं तर बरं. घेऊन या, फी वगैरे काही नाही.

आणि मास्तर, ते बाकांवर औषध फवारणं, गेटवर कपाळाला ताप मोजायची बंदूक लावणं, यात जीव घालवू नका. खिडक्या उघड्या ठेवा. सगळ्या. हा आजार हवेतून पसरतो.


मेहरूणची_बोरं
२१ जुलै २०२१, रात्री १०:५०

डॉक्टर, येते.


तापीकाठ
२६ जुलै २०२१, सायंकाळी ६:१५

आज सुरू झाली! ठराव झाला, सरपंचांनी सही केली, म्हणजे त्यांच्या मुलाने वाचून दाखवल्यावर केली. संमतीपत्रं ६३. पहिल्या दिवशी हजर ३७. दोघा सहकाऱ्यांनी गावात खोली घेतली, बाकीचे मोटारसायकलवर एकेकटे येतात.

सेतू अभ्यासाच्या पुस्तिका आल्यात, त्यातून मागच्या वर्षाची उजळणी. चालू आठवडा तरी मी पुस्तक उघडणार नाही. पोरं नुसती बोलत सुटलीत, बोलू दे.


तापीकाठ
६ ऑगस्ट २०२१, रात्री ८:००

बंद झाली. सुरतेहून लग्नाला आलेल्यांपैकी एक जण पॉझिटिव्ह. शाळेशी काडीचा संबंध नाही. पण नियम म्हणजे नियम, पुन्हा एक महिना. हजेरी ३७ वरून ८४ वर गेली होती.


अर्धा_गुजरात
१२ ऑगस्ट २०२१, सकाळी १०:३०

बातम्या पाहिल्या का? परवा जाहीर केलं, १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी, शहरात आठवी ते बारावी. लगेच राज्याच्या कोविड टास्क फोर्सने आक्षेप घेतला आणि निर्णयाला स्थगिती. दोन दिवसांत उघडून बंद.

आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्हाला माहीत असेल, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या बाकाच्या मध्यावर राज्याची हद्द. गुजरातेत नववीपासूनचे वर्ग २६ जुलैपासून सुरू आहेत. म्हणजे त्या बाकाच्या एका टोकाला बसलेलं नववीचं पोर शाळेत जाऊ शकतं, दुसऱ्या टोकाचं नाही. विषाणू तिकीट काढून सरकत असेल बहुतेक.


कळण्याची_भाकरी
१२ ऑगस्ट २०२१, सकाळी ११:१०

हसू आलं. पण टास्क फोर्सची माणसंही डॉक्टरच आहेत ना? त्यांनी मुंबई-पुण्यातला एप्रिल पाहिलाय. मी माझं जुनं मत थोडं मागे घेतो. पुण्यासाठी मी अजून थांबा म्हणेन. अक्राणीसाठी 'थांबा' म्हणायचा मला अधिकार नाही, हे उंबराचा पाडा यांच्या पोस्टनंतर कळलं. कोडिंगबद्दल आबांची माफी.


दहावी_२०२१
१२ ऑगस्ट २०२१, दुपारी १२:४५

अकरावीची सीईटी हायकोर्टाने रद्द केली. अभ्यास केला होता. असो.


जिभाऊ_पारोळेकर
१३ ऑगस्ट २०२१, रात्री ९:१०

मुंबईत बसून दादरला आणि धडगावला एकच माप लावलं की असंच होणार. गावाने ठरवावं म्हणाले होते, ते बरोबर होतं. पण गाव म्हणजे कोण? आमच्याकडे सरपंचबाई म्हणतात ग्रामसेवकाला विचारा, ग्रामसेवक म्हणतो मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक म्हणतात संस्थेला, संस्था म्हणते पालकांची संमती आणा. पालक म्हणतो पोरले धाडसू. चेंडू शेवटी ज्याच्या पदरात पडतो त्याला सही करता येते की नाही हेही कोणी पाहत नाही. माझ्या नातवाच्या संमतीपत्रावर मी अंगठा दिला, मुलगा सुरतेला आहे. मला वाचून दाखवणारं कोण, तर तो नातूच. 'जबाबदार राहणार नाही' ही ओळ त्याने गाळली असावी, कारण मला इथेच कळली.


संपादक
१४ ऑगस्ट २०२१, सकाळी ९:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. लसीवरचे व्हॉट्सअॅपी फॉरवर्ड इथे नकोत. चर्चा चालू राहू द्या.


उंबराचा_पाडा
१९ सप्टेंबर २०२१, रात्री ९:४०

कोणी ती पाहणी वाचली का, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ वगैरेंनी १५ राज्यांत घरोघर जाऊन केलेली? खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के, अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आमच्या इकडे त्या ८ तली मुलं शोधायला मी डोंगर पालथा घालीन.

शिक्षकांना मात्र लस मिळाली. ५ सप्टेंबरच्या आत शिक्षकांचं उरकण्यासाठी केंद्राने जादा डोस पाठवले होते, त्यात आमचाही दुसरा झाला.


तापीकाठ
४ ऑक्टोबर २०२१, रात्री १०:०५

आज राज्यभर सुरू झाल्या. ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरात आठवीपासून. आमच्या आवारात शेजारची जिल्हा परिषदेची पाचवी ते सातवीही आली, दोन्ही मिळून जत्राच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडे उतरतात तशी पोरं उतरली.

मुलांचे आवाज फुटलेत. हजेरी घेताना 'हजर सर' कोण म्हणालं ते मान वर केल्याशिवाय कळेना. चड्ड्या-पँटी चार बोटं वर. एकाने बापाचा शर्ट घातला होता, बाह्या दुमडून.

११८ पैकी आज १०२. सोळांचा हिशोब असा : सहा जण कापूस वेचणीला, दिवाळीपर्यंत येतील असं घरचे म्हणतात. चार कुटुंबं कामाला गेली, सुरत आणि नाशिक. तीन मुलं तालुक्याला दुसऱ्या शाळेत, चांगलंच आहे. एक आजारी, साधा मलेरिया. दोन मुलींची लग्नं झाली. त्यातली एक नववीतली, माझ्या वर्गातली, प्रयोगवहीचं अक्षर सगळ्या शाळेत तिचं सुंदर. आखाजीला झालं. तेव्हा सगळं बंद होतं, पन्नास माणसांत उरकलं, खर्च वाचला म्हणून घरचे खूश. मी त्याच गावात होतो. मला जुलैत कळलं आणि या धाग्यावर मी ते लिहिलं नाही. आज लिहितोय.

तो सही न करणारा बाप? आला. पोराला मोटारसायकलवर मागे बसवून गेटपर्यंत आणलं, गाडी चालूच. मला बघून म्हणाला, "सर, सही मांगू नका." मी म्हटलं, नाही मागत. त्याच्या पोराच्या नावापुढे 'पालकांची तोंडी संमती' असं लिहून खाली मी सही केली. मुख्याध्यापकांनी विचारलं, असा रकाना आहे का? मी म्हटलं, आजपासून आहे. उद्या संस्थेकडून काय येतं ते बघू.


आबा_अमळनेर
५ ऑक्टोबर २०२१, सकाळी ६:४०

बरं केलं.


व्हॅनवाला_दादा
५ ऑक्टोबर २०२१, दुपारी १:१५

गाडी विकली नव्हती. आज दोन ट्रिपा केल्या. २२ ची ९ पोरं राहिलीत. कांद्याचा वास जात नाही म्हणून पोरं ओरडत होती.


मेहरूणची_बोरं
७ ऑक्टोबर २०२१, रात्री ११:००

आम्ही अजून पाठवलेलं नाही. डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. तो आता रात्री उठत नाही, किंवा मला कळू देत नाही. काल स्वतःच दप्तर काढून पुसत होता. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे त्याला, माझे दोन्ही डोस झाले, माझी काळजी सोडा. मी सोमवारी शाळेत जाऊन वर्ग बघून येणार आहे. बघून ठरवीन.

सर, तुमच्या वर्गाला खिडक्या किती?


तापीकाठ
७ ऑक्टोबर २०२१, रात्री ११:२०

पाच आहेत ताई. तीन उघडतात. दोन गंजून बसल्यात, सुताराला उद्या बोलावलंय, नाही आला तर पोरं आणि मी मिळून पहार लावू. तुम्ही सोमवारी जाल तेव्हा हाताने ढकलून बघा, नुसत्या दिसतात म्हणून विश्वास ठेवू नका.